शिंपल्यांच्या ढिगावरून आहार ठरवताय? या चुका टाळा

डेन्मार्कमध्ये लीमफ्योर्ड या खाडीच्या काठावर एर्टेबोल्ले इथे कालवांच्या शिंपल्यांचा सुमारे १४० मीटर लांब ढीग आहे. मध्याश्मयुगीन, म्हणजे शेती येण्याआधीच्या माणसांनी शेकडो वर्षं टाकलेलं उष्टं-खरकटंच ते. एवढा ढीग पाहिला की कोणीही म्हणेल, ही माणसं कालवांवरच जगत होती.

पहिली चूक हीच. शिंपला कुजत नाही, जागा भरपूर अडवतो आणि आतलं मांस मात्र घासभर. पुरातत्त्वज्ञ जेफ बेली यांच्या हिशेबाने एका लाल हरणाएवढ्या उष्मांकासाठी सुमारे ५०,००० कालवं लागतात! त्यामुळे ढिगाची उंची मोजू नका, खाण्याजोगं मांस किती ते काढा.

माशांचे काटे हातानं वेचणं ही त्याहून महाग पडणारी चूक. मोठ्या कॉडचा मणका दिसतो, वाम आणि बारीक मासळीचा मातीबरोबर निघून जातो. बारीक जाळीची चाळणी घ्या आणि माती पाण्याखाली धुऊन चाळा. एर्टेबोल्लेतल्या काट्यांत तर रोचसारखे गोड्या पाण्यातले मासे आणि वामच जास्त निघाले. खाडीकाठची वस्ती म्हणजे खाऱ्या पाण्याचीच मासळी, हे गृहीत तिथेच कोसळतं.

मग माणसांच्या हाडांतल्या कार्बनकडे, म्हणजे त्यातल्या जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणाकडे वळावं, तर तिथेही जपून. संशोधक हेन्रिक टाउबर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की डेन्मार्कमधल्या मध्याश्मयुगीन माणसांच्या हाडांत समुद्री अन्नाची खूण ठळक आहे आणि शेती आल्यावर ती पुसट होते. पण ज्यावर ही तपासणी होते ते कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, मुख्यतः खाल्लेल्या प्रथिनांचीच साक्ष देतं; हेझलनट, कंदमुळं त्यात फारशी उमटत नाहीत. गोड्या पाण्यातली मासळीही नुसत्या कार्बनवरून ओळखता येत नाही, सोबत नायट्रोजन तपासावा लागतो.

ढीग नाही म्हणजे मासेमारी नाही, असंही म्हणू नका. दक्षिण डेन्मार्कचा तेव्हाचा किनारा आज पाण्याखाली आहे. फ्यून बेटाजवळ टुब्रिन व्हिग इथे पाणबुड्यांनी उत्खनन केलं, तेव्हा हाडाचा गळ मिळाला, दोरीचा तुकडा अजून गाठीसकट त्याला बांधलेला.

आणि हाडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून (कार्बन-१४) काढलेल्या तारखा? समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो. मासळी खाणाऱ्याचं हाड त्यामुळे काही शतकं जास्त जुनं दिसतं. त्याच थरातल्या हरणाच्या हाडाची तारीख शेजारी ठेवा, फरक लगेच कळेल.