सीएसआर विभागात काम करायचे असेल तर

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक उत्तरदायित्व म्हणून करायचे समाजकार्य, हे संचालक मंडळाच्या कायदेशीर जबाबदारीचा भाग बनले. आधीच्या आर्थिक वर्षात निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक जरी मर्यादा गाठली, तरी त्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे अपेक्षित असते. यातील बराच पैसा स्वयंसेवी संस्थांमार्फत खर्च होतो. कंपनी आणि संस्था यांच्यातील हे नाते सांभाळणे, हेच कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्याचे मुख्य काम असते.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी उपयोगी पडते, आणि त्यासाठी मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था व निर्मला निकेतन किंवा पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था हे पर्याय आहेत. वाणिज्य वा अभियांत्रिकी शिकलेल्यांनाही हे क्षेत्र मोकळे आहे. मात्र कोणतीही पदवी असली, तरी थेट कंपनीत जाण्याआधी दोन-तीन वर्षे एखाद्या संस्थेत क्षेत्रीय काम करावे, असे माझे ठाम मत आहे. शाळेला पाणी शुद्धीकरण यंत्र मिळाल्यावर त्याचे वीजबिल कोण भरणार आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करणार, हे प्रश्न ज्याने गावात बसून सोडवले आहेत, त्याला प्रस्ताव वाचताना नेमकी कोणती ओळ राहून गेली आहे ते चटकन दिसते.

कायद्याचा अभ्यास टाळू नये. कोणती कामे ग्राह्य ठरतात, हे कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये दिले आहे. संस्थेची १२ए (संस्थेला आयकर सवलत), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठी सरकारकडे करायची) ही नोंदणी तसेच किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव करारापूर्वी तपासावा. सर्वांत जास्त गैरसमज प्रशासकीय खर्चाच्या ५ टक्के मर्यादेबाबत आहे. ही मर्यादा सीएसआर विभाग चालवण्यासाठी कंपनीला येणाऱ्या सर्वसाधारण खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च तीत मोडत नाही. तरीही हेच कलम पुढे करून क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या मानधनाला कात्री लावली जाते. नियम हाताशी असलेला अधिकारी हा अन्याय बैठकीतच थांबवू शकतो, आणि त्याने तो थांबवलाच पाहिजे.

दुसरी अडचण मार्चअखेरची. उरलेला निधी संपवण्यासाठी घाईने वस्तू वाटण्याऐवजी सुरुवातीलाच बहुवार्षिक प्रकल्प मंजूर करून घ्यावा. अशा चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. करारात हप्त्यांच्या तारखा लिहून घ्याव्यात, कारण हप्ता लांबला की लहान संस्थेतील पगार अडतात.

मुलाखतीला जाताना आपण स्वतः पाहिलेल्या एका कामाचे दोन पानी टिपण सोबत न्यावे. त्यात अंदाजपत्रक, लाभार्थ्यांचे म्हणणे आणि कंपनीचा निधी थांबल्यावर ते काम कोण चालवणार याचे उत्तर, एवढे अवश्य असावे.