शंकरपाळी की घमेलं?

लातूरच्या एमआयडीसीत मामांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. आयटीआयला दोन वर्षं ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलं, मग काही वर्षं वाळूजला ड्रॉइंग काढली, आणि आता मामांकडे फ्रीकॅडवर (थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) बसते. इथलं माझं पहिलंच काम औशाकडच्या एका मंदिराच्या पायऱ्यांचं रेलिंग होतं आणि त्यात मी दीड इंची पाइपचे चार तुकडे वाया घालवले. तेव्हापासून पाइपचा तिरका काप ड्रॉइंगमध्ये कसा काढते, ते सांगते.

आधी पाइपचं माप. दीड इंची म्हणून 38.1 मिमीचं वर्तुळ काढू नका. दीड इंच हे नुसतं नाव. बाहेरून पाइप 48.3 मिमी भरतो आणि मीडियम क्लासची जाडी 3.2 मिमी, म्हणजे आतलं वर्तुळ 41.9. खात्री नसेल तर उठा आणि व्हर्नियर लावा, रॅक काही लांब नसतो.

फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइन विभागात नवीन बॉडी घ्या. एक्स-वाय प्लेनवर ही दोन वर्तुळं काढा, केंद्र बरोबर ओरिजिनवर. मग पॅड, म्हणजे वर्तुळांना उंची देऊन नळी उभी करायची. मला पाइप मधल्या रेषेवर 900 मिमी लांब हवा असला तरी मी पॅड 950 देते. तिरका काप पाइपच्या एका बाजूला मधल्या रेषेच्या पुढं जातो. पॅड नेमका 900 ठेवला तर तिथं मटेरियलच नसतं आणि टोक बोथट राहतं.

आता खरी अडचण. पेटीच्या बाजूवर क्लिक करून स्केच काढता येतं, पण नळीची बाजू गोल, तिच्यावर स्केच बसतच नाही. नवशिके इथंच अडकतात आणि स्पर्श करणारी प्लेन बनवत बसतात. त्याची गरज नाही. नळी झेड अक्षावर उभी आहे, म्हणून एक्स-झेड प्लेन आपोआप तिच्या मधोमध जाते, पेरू चिरल्यासारखी. स्केच तिच्यावर काढा. चार बाजूंची बंद आकृती घ्या: खालची बाजू तिरकी, दोन बाजू उभ्या आणि पाइपच्या बऱ्याच बाहेर (मी अक्षापासून 40 मिमीवर ठेवते), वरची बाजू 950 च्याही वर. तिरकी रेष अक्षाला बरोबर 900 वर छेदली पाहिजे, तिथं एक पॉइंट टाकून बांधून घ्या.

पॉकेट (आकृतीएवढं मटेरियल कापून काढणारी कमांड) देताना थ्रू ऑल, म्हणजे आरपार, निवडा आणि सिमेट्रिकही, म्हणजे प्लेनच्या दोन्ही बाजूंना, करा. ते विसरलात तर अर्धीच नळी कापली जाते, आणि समोरून बघताना ते कळतसुद्धा नाही. मॉडेल फिरवून बघायची सवय लावा. ऑटोकॅडवाल्यांनी थ्रीडी पाइप काढून स्लाइस कमांडला तीन बिंदू दिले की झालं.

कोन किती द्यायचा, यावर माझे पहिले दोन तुकडे गेले. पायरी दहा इंच रुंद, सव्वासहा इंच उंच, म्हणजे चढ 32 अंशांचा. मी चढत्या पाइपला 32 चा काप दिला आणि आडवा पाइप सरळच कापला. जोडायला गेलो तर तोंडं जुळेनात. साहजिकच होतं. 32 अंशांनी कापलेलं तोंड लंबगोल होतं, लांबी 48.3 भागिले कोसाइन 32, म्हणजे जवळपास 57 मिमी. समोर 48.3 चं गोल तोंड. पावणेनऊ मिमीची फट वेल्डर कशी भरणार? कोन निम्मा करून दोघांना वाटायचा असतो. दोन्हीकडे 16 दिला की दोन्ही तोंडं 50.25 मिमीची, एकाच मापाची. फ्रीकॅडच्या मोजमापाच्या टूलने (मेजर) हा आकडा तपासा, मॉडेल बरोबर आहे की नाही ते तिथंच कळतं.

आणि 16 कशापासून, तेही ड्रॉइंगवर लिहा. कटऑफ मशीनच्या पट्टीवर शून्य म्हणजे सरळ काप. तुम्ही अक्षापासून माप टाकलंत तर तोच काप 74 दिसतो आणि हेल्पर बिचारा पट्टीवर 74 शोधत बसतो.

पुढचे दोन तुकडे वेगळ्याच चुकीनं गेले. चढत्या पाइपला दोन्ही टोकांना काप हवा, म्हणून मी एक पॉकेट केलं आणि दुसरं मिररने (आरशासारखी उलटी प्रत) घेतलं. स्क्रीनवर छान दिसत होतं. मामा मागं येऊन उभे राहिले.

"हे काय करलालीस गं? घमेलं काढलंस की. मला शंकरपाळी पाहिजे."

बरोबर होतं त्यांचं. रेलिंग खाली आडवं, मधे चढतं, वर पुन्हा आडवं. मधल्या तुकड्याचे दोन्ही काप एकमेकांना समांतर असतात, बाजूनं बघितलं तर शंकरपाळी. मिररने कललेले काप घमेल्यासारखे पसरतात आणि वरचा पाइप आडवा न होता आणखीच उभा चढायला लागतो. म्हणून दुसऱ्या टोकाला मिरर नको. त्याच स्केचमध्ये दुसरी आकृती काढा आणि तिची तिरकी रेष पहिलीला समांतर बांधा.

मशीन नसेल तर कागदाचा साचा करा. परीघ 151.7 मिमी, त्याचे आठ भाग, प्रत्येक सुमारे 19 मिमीचा. उभ्या रेषांवर उंची अशी घ्या: 0, 2, 6.9, 11.8, 13.85 आणि मग त्याच मापांनी उलट उतरा. टोकं हातानं वळणदार जोडा. प्रिंट काढणार असाल तर स्केल शंभर टक्के ठेवा आणि कागदावरचे 151.7 फूटपट्टीनं मोजून बघा. प्रिंटर पानात बसवायला गुपचूप लहान करतो.

कागद गुंडाळताना सुरुवात पाइपच्या शिवणीवर ठेवा. एक खूण केली की कागद न फिरवता, न उलटवता, शिवणीवरूनच सरळ 900 मिमी सरकवा, दुसरी खूण तयार.

मामा तर तुकडे वेगळे कापतच नाहीत. एकच लांब पाइप घेतात, शिवणीला खडू ओढतात, दोन समांतर काप मारतात आणि मधला तुकडा स्वतःभोवती अर्धा फिरवतात. आडवा, चढता, आडवा, तिन्ही त्याच पाइपात निघतात. खर्च होते ती फक्त कापणाऱ्या चाकाची जाडी. मी मात्र ती जाडी ड्रॉइंगमध्ये धरते, कारण वरच्या खांबाची बेसप्लेट आधीच काँक्रीटमध्ये बसलेली असते.