ऋण उत्तर खोडण्याआधी

अकरावीच्या पहिल्या चाचणीत माझं एक गणित अर्धवट राहिलं. १५ मीटर उंच गच्चीवरून दगड सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर जमिनीवर किती वेळात पडेल? मी वर जाण्याचा वेळ वेगळा, खाली येण्याचा वेगळा काढत बसलो आणि मध्येच चुकलो. अख्खा प्रवास एकाच वर्गसमीकरणात मावतो, हे तेव्हा उमगलं नव्हतं.

आता मुलांना शिकवताना पहिली सवय हीच लावतो: आकडे मांडण्याआधी वहीत एक उभा बाण काढा. वरची दिशा धन, सुरुवात गच्चीपासून. मग जमीन −१५ वर येते आणि गुरुत्व त्वरण −१० (९.८ ऐवजी १० घेतलंय, हिशेब सुटसुटीत राहतो). वेळ क्ष मानला की ‘अंतर = वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ²’ या सूत्राने −१५ = १०क्ष − ५क्ष², म्हणजे क्ष² − २क्ष − ३ = ०. अवयव पाडले की ३ आणि −१. उत्तर ३ सेकंद. दगड तिरका फेकला, पण उभा वेग १० च असला, तरी समीकरण हेच. आडव्या वेगावर फक्त तो किती लांब पडेल ते ठरतं.

ते −१ मात्र लगेच खोडू नका. दगड जमिनीवरूनच आला असता आणि गच्चीपाशी त्याचा वेग वरच्या दिशेने १० असता, तर तो बरोबर एक सेकंद आधी सुटला असता, २० च्या वेगाने. तीन सेकंदांनी आदळतानाही वेग २० च! हे कळलं त्या संध्याकाळी मी वेगवेगळे आकडे घालून तासभर पडताळत होतो.

कधीकधी दोन्ही मुळं (समीकरणाची उत्तरं) धनही येतात. जमिनीवरून २० च्या वेगाने वर फेकलेला चेंडू १५ मीटरवर केव्हा असेल? क्ष² − ४क्ष + ३ = ०. जाताना १ सेकंदाने, येताना ३ सेकंदांनी. १५ च्या जागी २५ घाला, विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ऋण येतो, म्हणजे उत्तरच नाही. चेंडू तिथवर पोचतच नाही.

जेईई-सीईटीवाल्यांनी एवढं तरी करूनच पाहावं: वेग २०, खिडकी २० मीटर अंतरावर, १० मीटर उंचीवर, चेंडू कोणत्या कोनात फेकायचा? आडव्या गतीतून वेळ काढून उभ्या समीकरणात घाला आणि कोनाच्या टॅनला क्ष म्हणा. १० = २०क्ष − ५(१ + क्ष²), म्हणजे पुन्हा क्ष² − ४क्ष + ३ = ०. टॅन १ किंवा ३; कोन ४५ अंश, नाहीतर साधारण ७१.६. खिडकी १५ मीटर उंचीवर नेली की विवेचक शून्य होतो आणि एकच कोन उरतो.