वेबसाइटवर मराठीचा कचरा दिसतोय? टेबलाला हात लावायच्या आधी हे बघा

पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालणारी जुनी साइट नव्या सर्व्हरवर हलवली, आणि सभासदांची नावं, पत्ते, बातम्या सगळं अगम्य झालं. हे इतक्या ठिकाणी होतं की त्यावर सल्ल्यांचा ढीग पडलाय, आणि त्यातला बहुतेक सल्ला एकच असतो: टेबलावर ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४’ (म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, कॅरेक्टर सेट किंवा चारसेट, यूटीएफ-८ करा) चालवा, झालं काम. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो. कमांड चांगली आहे, पण टेबलात आत्ता नक्की काय पडलंय ते न बघता चालवली तर एका थराचा घोळ दोन थरांचा होतो आणि मग निस्तरायला रात्र जाते.

बॅकअप कसा घ्यायचा, सर्व्हरवर लॉगिन कसं करायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी स्क्रीनवर काय दिसतंय ते नीट बघा, कारण प्रत्येक कचऱ्याचा अर्थ वेगळा असतो. रिकामे चौकोन दिसत असतील तर डेटा ठीक आहे, त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही, डेटाबेसच्या वाटेला जाऊच नका. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसत असेल तर अक्षर मध्येच तोडलं गेलंय, बहुतेक वेळा पीएचपीच्या साध्या सबस्ट्रिंग फंक्शनने, त्याच्या जागी एमबी वालं वापरा. साधी प्रश्नचिन्हं असतील आणि ‘मराठी’ या शब्दाला बरोबर पाच असतील (म, र, काना, ठ, वेलांटी), तर मायएसक्यूएलच्या शेलमध्ये त्या रकान्यावर हेक्स फंक्शन (साठवलेले बाइट कोडमध्ये दाखवतं) चालवून बघा. तिथेही ३एफ ३एफ ३एफ (प्रश्नचिन्हाचाच कोड) आलं तर ती अक्षरं गेली, कुठल्याही कन्व्हर्टरने परत येणार नाहीत, जुना बॅकअप शोधा. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्या मागे चार टोकांचं छोटं गोल चिन्ह, मग अजून काहीतरी, असं तीन-तीनच्या गटाने दिसत असेल तर बहुतेक वेळा सगळं परत मिळतं.

तीन-तीनचे गट का, तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘म’ म्हणजे ई० ए४ एई. हे तीन बाइट कोणीतरी लॅटिन१ (एका बाइटला एक अक्षर मानणारा जुना युरोपीय चारसेट) समजून वाचले की एकाच्या जागी तीन अक्षरं दिसतात. हळदीच्या डब्यावर तिखटाचं लेबल लागलंय, आत हळदच आहे. लेबल कुठल्या टप्प्यावर चुकलं ते शोधायचं.

सोपे टप्पे पटकन उरका. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, बॉमशिवाय (फाइलच्या सुरुवातीचे तीन खुणेचे बाइट), नाहीतर पीएचपी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ म्हणून रडतं. मेटा चारसेट (पान कुठल्या चारसेटमध्ये आहे ते सांगणारा टॅग) पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये ठेवा. सर्व्हरचा कंटेंट-टाइप हेडर तपासा, कारण मेटा आणि हेडर यांच्यात भांडण झालं तर हेडर जिंकतो. कनेक्शनचा (पीएचपी आणि मायएसक्यूएल यांच्यातल्या जोडणीचा) चारसेट मात्र अजून बदलू नका, तो शेवटी टेबलासोबत बदलायचा, का ते खाली सांगतो.

आता खरी जागा. या टप्प्याने मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त छळलंय.

तुमची साइट छान दिसते पण पीएचपीमायअ‍ॅडमिन (डेटाबेस ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन) उघडलं की तिथे कचरा, असं असेल तर समजा की साइट इतकी वर्षं लॅटिन१ कनेक्शनने बोलत होती. यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन१ म्हणून आत जायचे आणि लॅटिन१ म्हणूनच बाहेर यायचे, दोन चुका एकमेकींना झाकायच्या, कोणाला पत्ता नाही. मायएसक्यूएल ८.० च्या आधी डीफॉल्टच लॅटिन१ होता त्यामुळे अशा साइट पैशाला पासरी आहेत. सर्व्हर बदलला, कनेक्शन यूटीएफ८एमबी४ झालं, आणि झाकण उघडलं.

पण याचे दोन प्रकार आहेत, बाहेरून अगदी सारखे दिसतात, आणि दोघांचा इलाज वेगळा. इथेच लोक फसतात.

ओळखायचं कसं? ‘शो क्रिएट टेबल’ चालवून रकान्याचा चारसेट बघा, आणि ज्या ओळीत काय असायला हवं ते तुम्हाला पक्कं माहीत आहे अशा एका ओळीवर हेक्स चालवा. समजा तिथे ‘मराठी’ हा शब्द आहे. रकाना लॅटिन१ आणि हेक्स ई०ए४एई ने सुरू होत असेल, तर हा पहिला प्रकार, बाइट बरोबर आहेत, फक्त रकान्याचं लेबल चूक. रकाना यूटीएफ८ किंवा यूटीएफ८एमबी४ आहे आणि हेक्स सी३ए०सी२ए४सी२एई असं सुरू होत असेल, तर हा दुसरा प्रकार, डबल एन्कोडिंग. खात्री करायची असेल तर लांबी बघा, चांगला ‘मराठी’ ५ कॅरेक्टर आणि १५ बाइट भरतो, डबल झालेला १५ कॅरेक्टर आणि ३१ बाइट. आणि रकाना यूटीएफ८एमबी४, हेक्स ई०ए४एई असेल तर टेबल निरोगी आहे, त्याला सोडा आणि कनेक्शनकडे बघा.

पहिल्या प्रकारात ती लाडकी ‘कन्व्हर्ट टू’ कमांड चालवलीत की मायएसक्यूएल प्रामाणिकपणे प्रत्येक लॅटिन१ अक्षराचं यूटीएफ-८ करतो आणि तुम्ही स्वतःच्या हाताने दुसरा प्रकार तयार करता. म्हणून इथे मधे एक थांबा घ्यायचा: रकाना आधी बायनरी करा (व्हारकॅरचा व्हारबायनरी, टेक्स्टचा ब्लॉब, मीडियमटेक्स्टचा मीडियमब्लॉब), आणि मग तिथून यूटीएफ८एमबी४ चा व्हारकॅर किंवा टेक्स्ट. बायनरीला लेबलच नसतं त्यामुळे बाइट जसेच्या तसे राहतात. हे बदल करणाऱ्या ऑल्टर टेबलचं मॉडिफाय लिहिताना नॉट नल, डीफॉल्ट सगळं परत लिहा, विसरलात तर ते गुपचूप उडतं. रकान्यावर फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर तो आधी काढा, मागाहून बनवा.

दुसऱ्या प्रकारात अपडेट लागतं: रकाना कन्व्हर्ट यूझिंग लॅटिन१, त्याला कास्ट अ‍ॅज बायनरी, आणि त्याला परत कन्व्हर्ट यूझिंग यूटीएफ८एमबी४. आतून बाहेर या क्रमाने. आणि हात जोडून सांगतो, ‘व्हेअर’शिवाय हे चालवू नका. सर्व्हर बदलल्यावर लोकांनी ज्या नव्या नोंदी केल्या त्या बऱ्याचदा बरोबर गेलेल्या असतात, आणि बरोबर ‘मराठी’ला लॅटिन१ मध्ये ढकललं की पाच प्रश्नचिन्हं, कायमची. जुनं दुरुस्त करताना नवं मारायचं, हे मी फार ठिकाणी बघितलंय. अट अशी घाला की हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ कुठेतरी आलंय अशाच ओळी घ्या, कारण देवनागरी यूटीएफ-८ मध्ये ई०ए४ किंवा ई०ए५ नेच सुरू होते. एकाच रकान्यात अर्धा मजकूर जुना बिघडलेला आणि अर्धा नवा चांगला असेल (शेरे एकाखाली एक जोडत जाणाऱ्या फॉर्ममध्ये होतं हे) तर त्या ओळी वेगळ्या काढून हाताने करा, दुसरा रस्ता नाही.

अपडेटच्या आधी तेच एक्स्प्रेशन सिलेक्टमध्ये चालवून निकाल डोळ्यांनी वाचा. काही ओळींत नल येईल किंवा मजकूर मधेच तुटेल, त्या सगळ्यात आधी हाताळा. एका पतसंस्थेच्या सभासद यादीत पत्त्याचा रकाना १०० चा होता, आणि लांब पत्ते बरोबर ३३ चिन्हांवर तुटलेले, पुढे एक ई० लोंबकळत. तीन-तीन बाइटची ३३ चिन्हं म्हणजे ९९, उरलेल्या एका जागेत चौतिसावं चिन्ह अर्धवट शिरलेलं. पत्त्यात इंग्रजी आकडे, स्पेस असतील तर ही मोजणी थोडी हलते, पण अर्धवट शेपूट तशीच राहते. ती शेपूट कापल्याशिवाय पहिल्या प्रकारात ऑल्टर ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ म्हणून थांबतो आणि दुसऱ्यात नल पडतो. शेवटचे एक-दोन सुटे बाइट काढा, आणि पुढचा पत्ता कागदी फॉर्मवरून भरून घ्या, तो डेटाबेसमध्ये कधी गेलाच नव्हता.

कॉपी घेताना माझं ठाम मत आहे की डंपवर (बाहेर फाइलमध्ये काढलेल्या बॅकअपवर) एकट्यावर अवलंबून राहू नका, डेटाबेसच्या आतच ‘क्रिएट टेबल लाइक’ करून सगळ्या ओळी तिकडे टाका. फाइल बाहेर गेली की तिच्यावर पुन्हा कोणाचंतरी लेबल लागतं. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाने (> चिन्हाने) डंप फाइलमध्ये वळवलात तर ती यूटीएफ-१६ होते, तिथे ‘रिझल्ट-फाइल’ हा पर्याय वापरायचा.

हे सगळं साइट बंद ठेवून करा, आणि टेबल बदललं की त्याच बैठकीत कनेक्शन. कनेक्शन आधी बदललंत आणि रकाना लॅटिन१ च राहिला, तर मधल्या वेळात आलेली मराठी नोंद एकतर एरर देते नाहीतर प्रश्नचिन्हं होऊन बसते. पीएचपी मायएसक्यूएलशी मायएसक्यूएलआयने बोलत असेल तर सेट-चारसेट फंक्शन, पीडीओ असेल तर जोडणीच्या ओळीतच चारसेट. ‘सेट नेम्स’ची क्वेरी मारू नका, तिने सर्व्हरला कळतं पण पीएचपीच्या एस्केप फंक्शनला कळत नाही.

यूटीएफ८ की यूटीएफ८एमबी४ हा वाद घालू नका. मायएसक्यूएलचा यूटीएफ८ तीनच बाइट घेतो, मराठीला पुरतो, पण कोणी नावापुढे इमोजी टाकला की चार बाइट लागतात आणि नोंद अडते. एमबी४ घ्या. जुन्या व्हर्जनवर २५५ च्या रकान्याचा इंडेक्स ७६७ बाइटच्या मर्यादेला अडकला तर इंडेक्स १९१ वर आणा किंवा रो फॉरमॅट डायनॅमिक करा.

एवढं करूनही ऑफिसातून फोन येईल की एक्सेलमध्ये कचराच दिसतोय. तो डेटाबेसचा दोष नाही. बॉम नसलेली सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की एक्सेल ती यूटीएफ-८ मानत नाही, तेव्हा एक्सपोर्टच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट लिहा. आणि त्यांनी दिलेल्या फाइलमधला मजकूर फॉन्ट बदलला की साधी इंग्रजी अक्षरं होत असेल, तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला आहे, युनिकोड नाहीच. त्याच्यावर वरचं काहीही चालवू नका, त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा आणि रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’ असलेली नावं एकेक करून तपासून मगच आत घ्या.