एअर फ्रायरमध्ये दह्याच्या रोट्या आणि पनीर-सिमला मिरची : रात्रीचं जेवण पाऊण तासात

एअर फ्रायरमध्ये साधी पोळी ठेवून पाहिली, तर चार मिनिटांत तिचा पापड होतो. यात यंत्राचा दोष नाही. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हन. वर तापणारी कॉइल असते, तिच्यामागे पंखा असतो आणि जास्तीत जास्त २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली हवा बास्केटभोवती जोरात फिरत राहते. तव्यावर पोळीला लोखंडाची थेट आच लागते, तंदुरात तर त्याहून कितीतरी जास्त, म्हणून ती मिनिट-दीड मिनिटात भाजून मऊ राहते. फिरती हवा मात्र आधी पदार्थावरचं पाणी उडवते आणि मग त्याला रंग आणते. बटाट्याच्या कापांना हेच हवं असतं. पातळ पोळी रंग धरण्याआधीच कोरडी पडते.

म्हणून या यंत्रासाठी रोटी वेगळ्या पद्धतीने करायची. ती जाडसर हवी, दह्यात सैलसर भिजवलेली हवी आणि वरून तेलाचा हात फिरवलेला हवा. ही तिन्ही पथ्यं पाळली तर यीस्टची वाट न पाहता आणि गॅस न पेटवता चांगली खरपूस रोटी होते. वर मसाल्यातलं पनीर आणि भाज्या पसरल्या की वेगळी भाजीही लागत नाही.

पुढचं प्रमाण चार रोट्यांचं आहे. दोघांचं पोटभर जेवण होतं.

कणीक

१५० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि ५० ग्रॅम मैदा एकत्र चाळून घ्या. मैदा अजिबात नको असेल तर सगळं गव्हाचंच पीठ घ्या, पण मग दही दोन चमचे जास्त लागेल, कारण कोंडा पाणी ओढतो. पिठात दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा साखर मिसळा. मग १५० ग्रॅम घट्ट दही आणि एक मोठा चमचा तेल घालून भिजवा. दही ताजं, फार आंबट नसलेलं असावं. पातळ असेल तर आधी दहा मिनिटं फडक्यात टांगून ठेवा.

पोळीच्या कणकेपेक्षा ही कणीक सैल असते आणि सुरुवातीला हाताला चिकटते. तिथे पीठ घालायचा मोह होतो, तो आवरा. पंधरा मिनिटं झाकून ठेवली की पीठ दह्यातलं पाणी शोषून घेतं आणि कणीक आपोआप हाताला येते. खूप तिंबण्याचीही गरज नाही, कारण जास्त मळली तर रोटी वातड होते.

बेकिंग पावडरऐवजी खायचा सोडा वापरता येईल का? येईल, पण पाव चमच्याच्या वर नको आणि कणीक भिजवून ठेवूही नये. सोडा दह्याच्या आंबटपणाशी लगेच फसफसतो, त्यामुळे रोटी भाजायची वेळ येईपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. जास्त पडला तर साबणासारखी चव लागते. बेकिंग पावडर ओल लागल्यावर थोडी आणि उष्णता लागल्यावर उरलेली फुलते, म्हणून इथे तीच बरी. डबा बरेच दिवस उघडा पडला असेल तर चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. फेस आला नाही तर नवीन आणा.

कणीक मुरेपर्यंत भाज्या

एक मोठी सिमला मिरची आणि दोन कांदे घ्या. सिमला मिरचीचे इंचभर चौकोन करा, कांद्याच्या पाकळ्या मोकळ्या करा. १५० ग्रॅम पनीरचे मोठेसे तुकडे करा.

एका भांड्यात तीन चमचे चक्का, एक चमचा आलं-लसूण वाटण, एक चमचा तिखट, पाव चमचा हळद, एक चमचा धने-जिरे पूड, मीठ, एक चमचा तेल आणि एक मोठा चमचा भाजलेलं बेसन कालवा. बेसन वगळू नका. ते मसाल्याला भाजीवर धरून ठेवतं आणि सुटलेलं पाणी शोषतं. ते नसेल तर मसाला जाळीतून खाली गळतो आणि तळाशी जळतो. कसुरी मेथी घालायची असेल तर याच मसाल्यात मिसळा. वरून भुरभुरली तर पंखा ती उडवून थेट कॉइलवर नेतो.

आधी फक्त कांदा आणि सिमला मिरची मसाल्यात घोळवून २०० अंशांवर सहा मिनिटं ठेवा. मग बास्केट हलवा, उरलेल्या मसाल्यात घोळवलेलं पनीर घाला आणि आणखी तीन मिनिटं द्या. पनीर सुरुवातीपासून ठेवायचं नाही. आंबट घालून फाडलेल्या दुधाचं ते असल्यामुळे चीजसारखं वितळत नाही, तापेल तसं पाणी सोडत घट्ट होत जातं. तीन मिनिटांत कडा सोनेरी होतात आणि आतून ते मऊच राहतं. नऊ मिनिटं ठेवलं तर चिवट होतं.

याच वेळात मूठभर पुदिना, दोन मुठी कोथिंबीर, एक हिरवी मिरची, लसणाची पाकळी आणि मीठ वाटून त्यात दोन चमचे दही आणि लिंबू पिळून चटणी करून घ्या.

रोट्या भाजणं

भाज्या काढल्यावर बास्केटमधला चिकटलेला मसाला कागदाने पुसून घ्या. यंत्र तापलेलं असतंच. गार झालं असेल तर १९० अंशांवर तीन मिनिटं रिकामं चालवा. गार बास्केटमध्ये ठेवलेली रोटी फुलण्याआधीच सुकायला लागते.

कणकेचे चार गोळे करा. पिठी लावून प्रत्येक गोळा साधारण १५ सेंटिमीटरचा लाटा, जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. लाटण्याऐवजी तेलाच्या हाताने थापलात तरी चालेल, किंबहुना अशी रोटी जास्त हलकी होते. ती अगदी गोल नसली तरी काही बिघडत नाही, जाडी मात्र सगळीकडे सारखी हवी. पातळ कडा आधी करपतात.

दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा. डब्यातला फवारा शक्यतो टाळा, कारण त्यातल्या इतर घटकांचा चिकट थर नॉनस्टिकवर बसतो आणि निघता निघत नाही. बास्केटमध्ये बेकिंग पेपरही घालू नका. जाळीची भोकं झाकली की खालून हवा लागत नाही आणि रोटीची ती बाजू पांढरी, कच्ची राहते. यंत्र तापवताना आत नुसता कागद असेल तर तो उडून कॉइलला चिकटतो आणि पेट घेऊ शकतो.

१९० अंशांवर चार मिनिटं. रोटी फुगते, वर तांबूस ठिपके येतात. आता ती बाहेर काढून उलटी करा. खालची फिकट बाजू वर येईल, त्या बाजूवर चमचाभर चटणी पातळ फासा, चौथा हिस्सा भाज्या पसरा आणि पुन्हा आत ठेवून तीन मिनिटं द्या. भाजलेली बाजू खाली गेल्यामुळे रोटी भाजीचं वजन पेलते आणि मध्ये गिच्च होत नाही. चीज हवं असेल तर किसून भाज्यांच्या खाली घाला, वर नको. सुटा कीस उडतो, आणि खाली वितळलेलं चीज भाज्यांना रोटीशी धरून ठेवतं.

चार लिटरच्या बास्केटमध्ये एका वेळी एकच रोटी मावते. एकावर एक रचू नका. पहिली ताटात वाढेपर्यंत दुसरी आत जाते, त्यामुळे प्रत्येकाला गरमच मिळते. वर कच्चा कांदा, लिंबू, कोथिंबीर. सोबत काकडीची कोशिंबीर असली की पान पूर्ण भरतं.

वेळा दोन-एक मिनिटं मागेपुढे होतील. यंत्रायंत्रात फरक असतो, म्हणून पहिल्या रोटीला तिसऱ्या मिनिटाला एकदा उघडून पाहा.

बदल करायचे असतील तर

पनीरऐवजी उकडलेले छोले किंवा मशरूम चालतात. मशरूमला पाणी फार सुटतं, म्हणून ती मसाल्याशिवाय चार मिनिटं भाजून घ्या आणि मगच घोळवा. फ्लॉवरचे बारीक तुरेही छान होतात, त्यांना दहा मिनिटं लागतात.

कणकेत ज्वारी किंवा नाचणीचं पीठ घालायचं तर चौथ्या हिश्श्यापर्यंत घाला, त्याहून जास्त घातलं की रोटी उलटताना मोडते. ज्वारीची भाकरी मात्र तव्यावरच करावी. पाणी फिरवलेली बाजू गरम तव्यावर आवळली जाते आणि मग आतल्या वाफेने पापुद्रा सुटतो. फिरत्या हवेत ते घडत नाही. थालीपीठ होतं, पण तव्यावर झाकण ठेवून कडेने तेल सोडलेल्या थालीपिठाची चव त्याला येत नाही, आणि तवा जवळ असताना तडजोड कशाला करायची!

उरलेली कणीक झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत राहते, फक्त रोटी थोडी कमी फुलते. भाजलेली नुसती रोटी उरली तर दोन्ही बाजूंना पाण्याचा हलका हात फिरवा आणि १६० अंशांवर दोन मिनिटं ठेवा. पाणी न लावता गरम केली तर ती कडक होईल.