लोहाच्या गोळ्या घेताय? मग त्या अंगी लागतील अशा घ्या

थकवा आला, चेहरा फिका दिसला म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. आधी रक्त तपासा, आणि नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही बघा. शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात हिमोग्लोबिन कमी असूनही लोह साचत गेलेलं असू शकतं, तिथे या गोळ्या अपायच करतात. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे डॉक्टरांना शोधू द्या. नाहीतर गोळ्यांनी आकडा सुधारतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

गोळी हातात आली की वेष्टन नीट वाचा. ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच असतं. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा यातला कोणता, ते विचारून घ्या. ब्रँड बदलताना गोंधळ होतो तो इथेच.

आता वेळ. गोळी उपाशीपोटी चांगली शोषली जाते: जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्यासोबत. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी आणि अँटासिड यांच्यात आणि लोहात दोनेक तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचं. सकाळी दोन्ही गोळ्या एकत्र गिळणारे पुष्कळ असतात, आणि मग थायरॉइडचा रिपोर्ट का बिघडला हे कोडं पडतं. काही अँटिबायोटिक्सचाही असर लोहामुळे कमी होतो, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. लोह शोषलं जावं म्हणून क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी हवीच असं नाही.

मळमळ, बद्धकोष्ठता किंवा पोटात जळजळ झाली की बहुतेक जण गोळ्या परस्पर सोडून देतात. त्याआधी एक विचारा: दिवसाआड घेतली तर चालेल का? एक डोस घेतला की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवतं. त्यामुळे मधला दिवस रिकामा सोडल्यास प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं, पोटही कमी कुरकुरतं. तरीही सोसवत नसेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण जरा कमी होईल, पण न घेण्यापेक्षा बरंच.

शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे, घाबरू नका. मात्र ते डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं असेल किंवा लाल रक्त दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. पातळ औषधाने दात काळवंडतात, म्हणून ते स्ट्रॉने घ्या आणि नंतर चूळ भरा.

फॉलिक अ‍ॅसिड रक्तवाढीसाठी एकटंच सुरू करण्याआधी बी१२ जीवनसत्त्व तपासा. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. मांसाहार न करणाऱ्यांनी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. ते पूर्ववत झालं तरी साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या पुढे चालू ठेवाव्या लागतात. महिन्यात आकडा हललाच नाही, तर डोस स्वतःहून वाढवू नका. निदान पुन्हा तपासून घ्या.

गोळ्या कुलपात ठेवा. मुलांना त्या चॉकलेटसारख्या वाटतात आणि मूठभर पोटात गेल्या तर जिवावर बेततं. अशा वेळी उलट्या थांबून मूल मध्येच बरं वाटू लागलं, तरी घरी थांबू नका. पाकीट सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.