मोठी जेलीफिश दिसली तर: पोहणाऱ्यांसाठी आणि होडीवाल्यांसाठी

मोठी जेलीफिश दिसली की नजर तिच्या छत्रीवर खिळते आणि फसगत तिथेच होते. डंखाचं खरं काम खाली लोंबणारे तंतू करतात, आणि ते पाण्यात जवळजवळ दिसतच नाहीत. लायन्स मेन जातीची छत्री 2 मीटरपर्यंत रुंद होते, पण तंतू 30 मीटरच्याही पुढे जाऊ शकतात. म्हणून अंतर छत्रीपासून मोजू नका.

आकारावरून विषाचाही अंदाज येत नाही. बॅरल जेलीफिशची छत्री 90 सेंटीमीटरपर्यंत भरते, तरी तिचा डंख बहुतेकांना सौम्यच वाटतो. उलट उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या बॉक्स जेलीफिशची छत्री जेमतेम 30 सेंटीमीटर, पण तिच्या डंखाने माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. तिथलीच इरुकांजी तर नखाएवढी असते.

पोहताना

हातपाय मारणं ताबडतोब थांबवा. पाणी खळबळलं की तंतू तुटतात, आणि तुटलेला तुकडाही डंखतो. गॉगल पाण्याखाली नेऊन आजूबाजूला बघा. एक दिसली तर जवळपास आणखी असण्याची शक्यता धरूनच चाला. मग ज्या वाटेने आलात त्याच वाटेने, पृष्ठभागाजवळ आडवं राहून, सावकाश मागे फिरा. खालून सूर मारून जाण्याचा मोह टाळा, कारण तंतू तिथेच असतात. अंगभर लायक्राचा पातळ सूट घातला तरी बराच बचाव होतो. दंशपेशीतून सुटणारी नळी फार आखूड असते, त्यामुळे कापडाचा थरही पुरतो. चेहरा, हात आणि पावलं मात्र उघडीच राहतात.

होडीवर

थव्यातून वेगाने जाऊ नका. पंख्याने तुकडे उडतात आणि मागे ओढल्या जाणाऱ्या माणसावर किंवा दोरावर जाऊन बसतात. त्याहून मोठी डोकेदुखी इंजिनाची: समुद्राचं पाणी ओढून थंड होणाऱ्या इंजिनाच्या तोंडाशी जेलीफिश चिकटली की पाणी अडतं. आऊटबोर्डची (होडीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाची) मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली किंवा तापमानाचा अलार्म वाजला, तर लगेच इंजिन बंद करा. पाण्याविना फिरणारा रबरी इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, फार लवकर जळतो, मग येणारं पाणी गाळणारी गाळणी साफ करूनही उपयोग नाही. इनबोर्ड (होडीच्या आत बसवलेलं इंजिन) असेल तर आधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मगच गाळणी उघडा, नाहीतर पाणी होडीत शिरेल. लगदा रबरी हातमोजे घालून काढा, झाकण घट्ट बसवा, व्हॉल्व्ह पुन्हा उघडायला विसरू नका आणि इंजिन सुरू केल्यावर धार येते का ते बघा. दरम्यान होडी वाहून जाऊ नये म्हणून नांगर तयार ठेवा.

नांगराचा दोर किंवा जाळं ओढताना तंतूंचे थेंब डोळ्यांत उडतात, तेव्हा चष्मा लावा. जाळ्यात ओझं फार वाटलं तर हट्टाने ओढू नका. 2009 मध्ये जपानच्या चिबा किनाऱ्याजवळ नोमुरा जेलीफिशने भरलेलं जाळं वर घेताना 10 टनी ट्रॉलर उलटला होता. या जातीची एकेक जेलीफिश 200 किलोपर्यंत भरते.

डंख झालाच तर

आधी माणसाला पाण्याबाहेर काढा. वेदनेने घाबरून बुडण्याचा धोका सर्वांत जवळचा असतो. त्याला स्थिर बसवा.

कातडीवरच्या पुष्कळ दंशपेशी अजून सुटलेल्या नसतात. त्या सुटू न देणं हीच निम्मी लढाई. म्हणून चोळणं, वाळू घासणं, कार्डाने खरवडणं, गोडं पाणी, अल्कोहोल, लघवी, घट्ट बँडेज, यातलं काहीही नको. समुद्राच्याच पाण्याने हळूच धुवा, आणि उरलेले तंतू चिमट्याने किंवा हातमोजे घालून उचला.

व्हिनेगर सरसकट नाही. बॉक्स जेलीफिशचा संशय असेल तर तंतू काढण्याआधी निदान 30 सेकंद व्हिनेगर ओता. निळ्या फुग्याच्या ब्लूबॉटलवर मात्र ऑस्ट्रेलियात व्हिनेगर वापरत नाहीत. भूमध्य समुद्रातल्या मॉव्ह स्टिंगरवरही ते टाळतात. जात ओळखत नसाल तर त्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचं ऐका.

वेदनेसाठी बहुतेक जातींवर गरम पाणी बर्फापेक्षा सरस ठरतं: 40 ते 45 अंश, 20 मिनिटं. त्याहून गरम पाण्याने कातडी भाजते. तापमापी नसेल तर डंख न झालेल्या माणसाने आधी स्वतःच्या हाताने तपासावं, कारण दुखऱ्या कातडीला अंदाज राहत नाही. होडीवर म्हणूनच थर्मासमध्ये गरम पाणी असावं. डोळ्यात गेलं असेल तर व्हिनेगर अजिबात नको. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि डॉक्टर गाठा.

श्वासाला त्रास, छातीत दुखणं, उलट्या, पाठीत किंवा पोटात तीव्र गोळे, हातापायाच्या मोठ्या भागावर डंख, किंवा लहान मूल: यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय. इरुकांजीत लक्षणं अर्ध्या तासानेही सुरू होतात, त्यामुळे साध्या टोचणीनंतरही माणसाला एकटं सोडू नका. श्वास थांबला तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं: 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 दाबांच्या गतीने.

किनाऱ्यावर

मेलेल्या जेलीफिशच्याही पेशी सुटतात. 2010 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या राय गावाजवळ एका मेलेल्या लायन्स मेनच्या तुकड्यांनी सुमारे 150 जणांना डंख केला होता. वाळलेले तंतू पुन्हा ओले झाले की तेच करू शकतात, म्हणून त्या दिवशीचे पोहण्याचे कपडे, दोर आणि जाळी हातमोजे घालूनच धुवा.